सायकलचा टायर बदलताय? या चुका टाळा

“सव्वीसचा टायर द्या.” हे वाक्य कानावर आलं की मी न विचारता मध्ये तोंड घालतो. सव्वीसमधला कोणता? ५५९, ५७१, ५८४, ५९०, ५९७ मिलिमीटर, इतक्या मापांचे टायर स्वतःला ‘सव्वीस इंची’ म्हणवतात आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. इंचाचा आकडा म्हणजे हवा भरलेल्या टायरचा बाहेरून धरलेला ढोबळ व्यास. रिमला त्याच्याशी देणंघेणं नाही. टायरच्या कडेतली तार रिमवर जिथे टेकते, तिथला व्यास जुळायला हवा.

तो टायरच्या बाजूवर लिहिलेला असतो. उदाहरणार्थ ३७-६२२: ३७ ही रुंदी, ६२२ हा तो व्यास. आकडे पुसट असतील तर मी वरून खडू घासतो, म्हणजे ते उठून दिसतात. मग फोटो काढतो. पाठांतरावर माझा विश्वास नाही.

आणि गणित इथे चालवू नका. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ शाळेत सारखे; चाकावर पहिला ५५९, दुसरा ५७१.

मलाही हे फुकट समजलेलं नाही. माझं चाक ७००सी. दुकानदाराने २७ × १ १/४ पुढे केला, “एकच आहे, बसेल.” बसलाही! लिव्हर, म्हणजे टायर चढवायची-काढायची पट्टी, न लावता, नुसत्या हातांनी. मी स्वतःवर खूश. शंका तिथेच यायला हवी होती: ७००सी म्हणजे ६२२, सत्तावीस इंची म्हणजे ६३०. व्यासात ८ मिलिमीटर, म्हणजे घेरात जवळपास अडीच सेंटिमीटर ढिलाई. हवा भरता भरता टायर एका बाजूने वर सरकला, ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि धडाम! घरात झालं म्हणून नुसते कान वाजले. उतारावर झालं असतं तर दात मोजावे लागले असते. तेव्हापासून मी आधी अर्धीच हवा भरतो आणि चाक फिरवून बघतो. टायरवर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली तरच पुढची हवा.

रुंदीत थोडी मुभा असते, पण चाक धरणाऱ्या चिमट्यात आणि मडगार्डखाली जागा आहे का ते बघा. बाजूवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने. ट्यूबही त्याच मापाची.

राहता राहिला स्क्रूड्रायव्हर. टायर घट्ट लागला की उतावळे लोक तो खुपसतात आणि कोरी ट्यूब भोसकतात. रिम मध्यभागी खोलगट असते. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करा, तार त्या खोलगटात दाबत दोन्ही हात व्हॉल्व्हकडे आणा. शेवटची वीतभर कड बहुतेक वेळा अंगठ्यांनीच चढते. तरीही चढेना, तर थांबा आणि आकडा पुन्हा वाचा. कदाचित ६३०च्या रिमवर तुम्ही ६२२चा टायर ओढत असाल.