मुंबईत महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षक व्हायचे असेल तर

महाविद्यालयातील क्रीडा संचालकाचे पद आणि संघाच्या प्रशिक्षकाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांपैकी अनेकांना हा भेद फार उशिरा कळतो. क्रीडा संचालक हा पगारी कर्मचारी असतो. त्या पदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी, त्यावर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी, आणि शारीरिक क्षमता चाचणी लागते. शिवाय बुद्धिबळापासून कबड्डीपर्यंत सर्व खेळांचा कारभार त्याच्याकडे असतो. संघाचा प्रशिक्षक मात्र बहुधा हंगामापुरता, मानधनावर नेमलेला असतो. म्हणून पदवी हातात असेल, तर बी.पी.एड. आणि पुढे एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी) करून पहिली वाट मोकळी ठेवावी आणि त्याच काळात मैदानावर दुसरी वाट चालायला लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मैदानावरचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईत नागपाड्याइतकी चांगली जागा नाही. तेथील मस्तान वायएमसीएच्या कोर्टाने आणि बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकाने दाटीवाटीच्या वस्तीतून खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. आज तेथील महापालिकेचे मैदान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अशा ठिकाणी संध्याकाळी जाऊन जुन्या प्रशिक्षकांच्या हाताखाली चेंडू उचलण्यापासून काम करावे. मुलांना ते काय सांगतात याबरोबरच कोणत्या क्षणी गप्प राहतात, हेही पाहावे. एक-दोन वर्षे हे केल्यावर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा तेथील पदविका केली, तर वर्गात शिकवलेले लगेच उमगते.

काम मिळवण्यासाठी प्राचार्यांना किंवा क्रीडा संचालकांना मे महिन्यातच भेटावे, कारण जूननंतर ते प्रवेशाच्या गर्दीत असतात. सोबत एका पानाचा आराखडा न्यावा आणि त्यात पावसाळ्यात सराव कोठे घेणार, हे अवश्य लिहावे. बहुतेक महाविद्यालयांचे कोर्ट उघड्यावर, सिमेंटचे असते. पावसाची सर थांबल्यावर वायपरने पाणी ओढून, गोणपाटाने कोपरे टिपून, रिंगखालचा भाग पायाने घासून पाहिल्याशिवाय मुलांना पळू देऊ नये. ओल्या सिमेंटवर उडी मारून उतरताना मुरगळलेला घोटा सगळा हंगाम खातो. सरावाची वेळ लोकलच्या वेळापत्रकावर बेतावी लागते, कारण विरार किंवा कल्याणहून येणारा मुलगा सकाळी साडेसहाला चर्चगेटजवळच्या कोर्टावर उभा असेल, तर तो चारला उठलेला असतो, आणि त्याला पहिली दहा मिनिटे धावायला लावणे अन्यायाचे आहे.

महाविद्यालयात आलेल्या अनेक मुलांना डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून एका हाताने चेंडू टाकणे, येत नाही, म्हणून सुरुवात तेथून करावी. चेंडू न देता, रिंगपासून एका पावलावर उभे करून, आधी केवळ उजव्या पायावर उडी आणि डावा हात वर, एवढेच करून घ्यावे. नंतर चेंडू द्यावा आणि रिंगमागच्या फळीवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहायला सांगावे. डावे-उजवे अशी दोन पावले त्यानंतर जोडावीत, आणि ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे जाणे, सर्वांत शेवटी. यात आठवडा जातो, आणि तो जाऊ द्यावा. सरावाच्या कोर्टावर शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्यासाठीचे २४ सेकंद मोजणारे घड्याळ, सहसा नसतो, तेव्हा राखीव खेळाडूला २४ पासून मोठ्याने उलटे मोजायला लावावे आणि आपल्याच संघाचा शॉट रिंगला लागून चेंडू पुन्हा हाती आला की १४ पासून. बाकावरच्या मुलाचेही लक्ष त्यामुळे खेळात राहते.

कागदपत्रांचे काम कोणी शिकवत नाही, पण त्यावरच हंगाम उभा असतो. माझ्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या पात्रता अर्जाला मागील वर्षाची गुणपत्रिका जोडायची राहिली, ती चूक सामन्याच्या सकाळी लक्षात आली आणि आमचा सर्वांत उंच खेळाडू कपडे न बदलता बाकामागे उभा राहिला. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून निवड चाचणीच्या दिवशीच प्रत्येकाकडून गुणपत्रिका, बोनाफाइड, ओळखपत्र आणि छायाचित्रे घेऊन मी वेगळ्या पाकिटात ठेवतो. हजेरीचेही तसेच आहे: ७५ टक्क्यांची अट असल्याने सामन्यांच्या तारखांचे पत्र आधीच विभागप्रमुखांकडे पोहोचवावे, परीक्षेच्या तोंडावर मुलाला एकट्याला विनवण्या करायला लावू नये.

केवळ एका महाविद्यालयाच्या मानधनावर मुंबईत घर चालत नाही. सकाळी महाविद्यालय, दुपारी शाळा आणि संध्याकाळी एखाद्या जिमखान्यातील लहान मुलांची तुकडी, अशी जुळवाजुळव सुरुवातीची काही वर्षे करावी लागते. पंचांची परीक्षाही याच काळात द्यावी. सामन्यांचे चार पैसे मिळतात, आणि शिट्टी हातात असताना प्रत्येक संघाचा बचाव कोर्टाच्या आतून पाहायला मिळतो. त्या रात्री घरी पोहोचण्याआधी, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की, पाहिलेले वहीत उतरवून ठेवावे.