क्लॅरेन्स डॅरो समजून घ्यायचाय? मग या क्रमाने वाचा

डॅरो, म्हणजे तो गाजलेला अमेरिकन वकील, म्हटलं की सगळे डायरेक्ट 1925 च्या डार्विनवाल्या (शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरच्या) खटल्यावर जातात, तसं करू नका. आधी 1894 चा पुलमन संप (रेल्वे कामगारांचा) घ्या, कारण तिथे हा माणूस रेल्वे कंपनीची वकिली सोडून युनियनचा पुढारी यूजीन डेब्ज याच्या बाजूने उभा राहिला आणि पुढचं सगळं तिथूनच कळत जातं. 1903 ते 1905 तो इलिनॉयचा आमदार होता, एकच टर्म, त्यावर फार वेळ घालवू नका, त्याचा खरा आखाडा कोर्टच.

1912 मात्र गाळू नका प्लीज! लॉस एंजेलिसमध्ये ज्युरीला लाच दिल्याचा आरोप खुद्द त्याच्यावरच, एका खटल्यात सुटला, पुढच्या वर्षी दुसऱ्यात ज्युरीचं एकमतच झालं नाही. चाहते हे पान पटकन उलटतात, मला ते पटत नाही.

मग 1924, लिओपोल्ड-लोब, एका मुलाचा खून केलेली दोन तरुण पोरं, डॅरो त्यांचा वकील. त्यांचा गुन्हा कबूल करून ज्युरीच टाळली आणि एकट्या जजसमोर फाशीविरुद्ध तासन्‌तास बोलला, दोघंही पोरं फाशीतून वाचली. ते भाषण सावकाश, मोठ्याने वाचा.

आणि डेट्रॉइटची डॉ. ऑसियन स्वीट यांची केस वाचाच, गोऱ्या वस्तीत घर घेतलेल्या आणि घरावर जमाव चालून आल्यावर झालेल्या गोळीबारात खुनाचा आरोप झालेल्या काळ्या डॉक्टरची, डॅरो त्याचा वकील, माझ्यासाठी तर तीच सगळ्यात मोठी.