मेटल डिटेक्टर घेतला आणि नुसते खिळेच सापडतायत? मग या चुका टाळा

चार रविवार झाले, खांदा भरून आलाय, बूट चिखलाने जड झालेत आणि पिशवीत काय, तर गंजलेले खिळे, कॅनचे तुकडे आणि ट्रॅक्टरचा एक नट. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर मी हा छंद धरला तेव्हा माझं अगदी असंच झालं होतं आणि मशीन विकून टाकावं इथपर्यंत गोष्ट आलेली. तुम्हीही तिथवर आला असाल तर जरा थांबा, कारण बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, आपल्याला ते ऐकता येत नसतं.

सगळ्यात आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक सिग्नल पकडेल ती सेटिंग, कमी करा. नवीन माणूस ती फुल करून ठेवतो, त्याला वाटतं जास्त ठेवली की खोलवरचं लागेल, आणि मग मशीन दिवसभर चिवचिवत राहतं. जमिनीतली खनिजं, डोक्यावरची हाय टेन्शन तार, मेंढ्यांसाठी लावलेलं करंटचं कुंपण, खिशातला मोबाईल, सगळ्यांचा गोंगाट एकत्र आणि त्यात खरा सिग्नल हरवतो. मशीन शांत होईपर्यंत दोन-तीन पायऱ्या खाली या, ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीनला त्या जमिनीतल्या खनिजांशी जुळवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पुढे लोखंड बसवलेले बूट असतील तर ते घरी ठेवा. साध्या मशीनला छोटं नाणं 15-20 सेंटीमीटरवर लागलं तरी खूप झालं.

आता वेग. माझ्या मते नव्वद टक्के वैताग इथूनच येतो म्हणून यावर जरा जास्त बोलतो. आपण कॉइल, म्हणजे मशीनच्या खालची गोल तबकडी, झाडूसारखी मारतो, झपझप, आणि दोन्ही टोकांना हात वर जातो, म्हणजे कॉइल जमिनीपासून वीतभर उचलली जाते आणि तेवढी खोली गेलीच. गावाकडे अंगण सारवताना हात कसा चालतो आठवा, जमिनीला धरून, सावकाश, आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत पुढचा पट्टा. कॉइल तशीच फिरवायची. मी एका नांगरलेल्या शेताचा वीसेक पावलांचा तुकडा सकाळी भराभर फिरून सोडून दिला होता, दुपारी कंटाळून त्याच तुकड्यावर मुद्दाम हळू गेलो तर एक अगदी पुसटसा पण दोन्ही बाजूंनी येणारा आवाज लागला. ढेकूळ हातात फोडलं, आत कागदासारखं पातळ, नखापेक्षा जरासं मोठं चांदीचं नाणं उभं अडकलेलं, एका अंगाला क्रॉसचे हात स्पष्ट दिसत होते. इंग्लंडमध्ये 1662 पर्यंत अशी हातोड्याने ठोकलेली नाणी पाडत, ती इतकी पातळ असतात की घाईत चालणाऱ्याला त्यांचा आवाज लागतच नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे डिस्क्रिमिनेशन, नको त्या धातूंचा आवाज बंद करणारी सेटिंग, चढवून ठेवणं. कचरा नको म्हणून आपण मशीन धातूंना देतं त्यातले खालचे सगळे नंबर बंद करतो, पण कॅनची ओढायची रिंग आणि सोन्याची अंगठी मशीनला जवळपास सारखीच दिसते, तेव्हा कचऱ्याबरोबर सोनंही बंद होतं. फक्त लोखंड बंद ठेवा आणि पहिले काही महिने परत परत येणारा प्रत्येक सिग्नल खणा, कानाला तयार व्हायला दुसरा रस्ता नाही. शंका आली तर 90 अंशात फिरून दुसऱ्या बाजूने कॉइल न्या, एका बाजूने गोड आवाज आणि दुसरीकडून खरखर आली तर बहुतेक वाकडा खिळाच असतो. घरामागे बाग असेल तर 5, 10 आणि 15 सेंटीमीटरवर नाणं, खिळा आणि कॅनची रिंग पुरून ठेवा, रोज दहा मिनिटं ऐका. फक्त 1 आणि 2 पेन्सची नाणी 1992 च्या आधीची घ्या, नंतरची आतून स्टीलची असतात आणि मशीनला वेगळीच ऐकू येतात.

खणताना वस्तू सापडत नाही ही पण नेहमीची तक्रार. खड्डा ढोपरभर होतो आणि वस्तू मात्र बाहेर काढलेल्या मातीत पडलेली असते, म्हणून आधी त्या ढिगावरून कॉइल फिरवा आणि तेव्हा स्पेड लांब ठेवा. हातात धरायचा पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर, घ्याच, त्यावर पैसे वाचवू नका. गवताळ जमीन असेल तर तीन बाजू कापून पाकिटाच्या झाकणासारखं गवत उघडायचं आणि काम झालं की परत दाबून बसवायचं. उघड्या खड्ड्यात मेंढीचा पाय मोडला तर तो शेतकरी पुन्हा कधी गेट उघडणार नाही.

सापडलेलं नाणं तिथल्या तिथे बोटाने चोळू नका, मातीचे कण त्यावर कायमचे ओरखडे पाडतात.

आता कुठे खणायचं ते. मालकाच्या परवानगीशिवाय कुठेच नाही, आणि संरक्षित स्मारकावर तर अजिबातच नाही. पुण्याहून मावसभाऊ विचारतो, दादा, मशीन आण ना, गडावर फिरवू. नाही. संरक्षित गडावर खणणं हा गुन्हा आहे, आणि भारतात 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मुघल नाण्यांसाठी शेतं उकरत होते, ते व्हिडिओ बघून मला खरंच वाईट वाटलं. नाणं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं ही माहिती एकदा उकरली की गेली, ती परत मिळत नाही.

इंग्लंडमध्ये ट्रेझर, म्हणजे कायद्याने गुप्तधन, ठरेल असं काही सापडलं तर 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे त्याची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. आणि एकाच जागी नाण्यामागून नाणी यायला लागली तर हात थांबवा. 1992 मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि रोमन नाणी लागली. ते सगळं उकरत बसले नाहीत, कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी नीट खणून जवळपास 15 हजार नाणी बाहेर काढली. बक्षीस 17.5 लाख पौंड ठरलं, ते लॉजनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं, आणि हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.