टीमने गेम करायचा असेल तर: आमच्या खो-खोच्या प्रोजेक्टवरून

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात ज्यांनी प्रोजेक्ट म्हणून गेम घेतलाय, किंवा घ्यावा का असा ज्यांच्या ग्रुपमध्ये विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही चौघांनी खो-खोचा गेम केला. त्यातून मला एक गोष्ट पक्की पटली: गेममधली सगळ्यात महत्त्वाची एक कृती आधी खेळता येईल अशी करा, ती परक्या माणसाच्या हातात द्या आणि मग बाकीचा गेम ठरवा. खाली जे आहे ते बहुतेक याच गोष्टीसाठी काय काय करावं लागतं, त्याबद्दल आहे.

विषय निवडताना

ज्याचे नियम आधीच पारखलेले आहेत असा खेळ घ्या. नवीन कथा, नवीन जग, नवीन नियम हे सगळं एका वर्षात चार जणांना झेपत नाही, कारण सबमिशन, युनिट टेस्ट आणि प्लेसमेंट त्याच वर्षात असतात. खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधायला घेतले आणि तेव्हापासून मैदानावर ते घासून-पुसून पक्के झालेत. ते काम आपल्याला आयतं मिळतं.

शिवाय नियमांमधूनच खेळणाऱ्याला निर्णय घ्यावा लागेल असा खेळ हवा. पारंपरिक खो-खोत पाठलाग करणाऱ्या बाजूचे नऊ जण मैदानात असतात. आठ जण मधल्या पट्टीतल्या चौकोनांत बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा धावतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोचल्याशिवाय मागे फिरता येत नाही. समोरचा पळणारा मधून पलीकडे सटकला, तर पाठीमागून स्पर्श करून बसलेल्याला ‘खो’ द्यायचा. तो पलीकडच्या बाजूला उठतो. म्हणजे धावणाऱ्यापुढे सतत एकच प्रश्न असतो: स्वतः धावू की आता खो देऊ? दोन बटणांत मावणारा आणि तरीही डोकं चालवायला लावणारा प्रश्न. असा प्रश्न सापडला की विषय सापडला.

मैदानावरचा खेळ घेणार असाल तर सामन्यांचे व्हिडिओ संथ गतीने बघा. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि भरपूर फुटेज उपलब्ध झालं. फक्त कोणते नियम घेणार ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. झटपट प्रकारात खेळाडूंची संख्या आणि मैदान वेगळं असतं, आणि टीममधल्या दोघांच्या डोक्यात दोन वेगळे खेळ असले की नंतर वाद होतात.

काय हवं ते मोजता येईल असं लिहा

‘गेम मजेदार असावा’ ही रिक्वायरमेंट नव्हे. ती तपासणार कशी? आम्ही असं लिहिलं: खो-खो माहीत नसलेल्या माणसाला कोणीही न सांगता पहिल्या मिनिटात एक बरोबर खो देता यावा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर गेम सेकंदाला 60 फ्रेमवर, म्हणजे 60 चित्रांच्या गतीने, चालावा, म्हणजे एका फ्रेमचं सगळं काम 16.7 मिलिसेकंदांत आटपावं. डाव दोन-तीन मिनिटांत संपावा, कारण डेमोच्या टेबलापाशी त्याहून जास्त वेळ कोणी थांबत नाही.

याच कागदावर ‘करणार नाही’ असाही एक रकाना ठेवा आणि तो गाइडना दाखवून त्यांची सही घ्या. आमच्या रकान्यात सगळ्यात वर होतं ऑनलाइन मल्टिप्लेअर. पहिल्या प्रोजेक्टात त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नेटवर्कवरून दोन मशीनवरचं चित्र जुळवणं हा स्वतंत्र विषय आहे, आणि तो तुमचं अख्खं सेमिस्टर खाऊन टाकतो.

आधी कागदावर खेळा

कोड लिहायच्या आधी आलेखाचा ए-फोर कागद घ्या. खो-खोचं मैदान 27 मीटर बाय 16 मीटर. एका मीटरला एक सेंटीमीटर धरलं तर ते कागदावर बरोबर बसतं. बसलेल्या खेळाडूंसाठी आम्ही चिंचोके फोडून घेतले. पांढरी बाजू वर असेल तर तोंड खिडकीकडे, तपकिरी बाजू वर असेल तर दाराकडे. धावणारा आणि पळणारे म्हणून तीन रंगांची बटणं. पाळीपाळीने दोघांनीही तीन-तीन सेंटीमीटर सरकायचं.

एका दुपारीच दोन गोष्टी कळल्या. दोघांचा वेग सारखा असेल तर नुसत्या धावण्याने कोणीच बाद होत नाही. खो दिल्यावरच अंतर तुटतं. म्हणून आमच्या यादीतलं ‘जोरात पळा’ हे बटण तिथेच रद्द झालं. दुसरी गोष्ट अशी, की कागदावर खेळणारा प्रत्येक जण आधी चिंचोक्यांचा रंग बघत होता. एका बाजूने धावताना आठांपैकी ज्या चौघांची पाठ आपल्याकडे आहे त्यांनाच खो देता येतो, आणि ते चौघे कोण हे नजरेत भरलं नाही तर खेळ अडतो. याचा उपयोग पुढे झाला.

हत्यारं

आम्ही गोडो हे गेम बनवायचं इंजिन वापरलं. ते मुक्त स्रोत आहे, एमआयटी परवान्याखाली मिळतं, पैसे किंवा रॉयल्टी काही नाही. त्याहून मोठी सोय म्हणजे ते इन्स्टॉल करावं लागत नाही. फाइल उघडली की चालू. लॅबच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड आपल्याला मिळत नाही, तिथे याची किंमत कळते. टीममध्ये कोणाला युनिटी चांगलं येत असेल तर युनिटी घ्या, त्यात वाईट काही नाही. स्वतःचं इंजिन मात्र लिहू नका, प्रोजेक्टचा विषयच तो असेल तर गोष्ट वेगळी.

गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं हत्यार, पहिल्या दिवसापासून वापरा. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 मध्ये लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिलं; शेकडो माणसं एकाच कोडवर काम करतात तेव्हा जे लागतं तेच चौघांनाही लागतं. गोडोचे सीन, म्हणजे गेममधल्या एकेका दृश्याच्या फाइली, मजकुराच्या रूपात सेव्ह होतात, त्यामुळे कोणी काय बदललं ते दिसतं. तरीही एकच सीन दोघांनी एकाच वेळी उघडू नये. आमच्या ग्रुपवर ‘मैदान माझ्याकडे’ असा मेसेज टाकल्याशिवाय कोणी मैदानाच्या सीनला हात लावत नसे. चित्रं आणि आवाज यांच्या फाइली मर्ज होत नाहीत, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा मालक एकच ठेवा. गिटचा कोड नेटवर ठेवायची जागा म्हणजे गिटहब, आणि ते 100 एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. रेकॉर्ड केलेला आवाज आहे तसा न टाकता दाबून ओजीजी स्वरूपात टाका.

कामाची वाटणी

बहुतेक ग्रुपमध्ये वाटणी अशी होते: एक कोडिंग, एक ग्राफिक्स, एक आवाज आणि एक डॉक्युमेंटेशन. ही पद्धत मला अजिबात पटत नाही. चार भाग शेवटच्या आठवड्यात एकत्र येतात आणि तोपर्यंत खेळायला काहीच नसतं. शिवाय डॉक्युमेंटेशन आणि पीपीटी हमखास ग्रुपमधल्या मुलीच्या वाट्याला येतं. वर्षभर प्रोजेक्ट करून तिला मुलाखतीत ‘तू काय बनवलंस?’ याचं उत्तर देता येत नाही. मुलींनो, पहिल्याच मीटिंगमध्ये बोला. रिपोर्ट चौघांनी लिहायचा आणि कोडही चौघांनी.

वाटणी खेळता येणाऱ्या तुकड्यांनी करा. ‘खो देणं’ हा एक तुकडा. त्यात बटण, स्पर्शाची तपासणी, बसलेल्याचं उठणं, आवाज, सगळं आलं, आणि ते एकीने किंवा दोघांनी पूर्ण करायचं. खेळाडू म्हणून नुसता चौकोनी ठोकळा चालेल. ‘खांबाला वळसा’ हा दुसरा तुकडा, ‘पळणाऱ्याची अक्कल’ हा तिसरा. दर शुक्रवारी जे असेल ते एकत्र करून चालवायचं. चालत नसेल तर सोमवारी नवीन काही सुरू करायचं नाही, आधी तेच चालवायचं.

सोबत निर्णयांची एक वही ठेवा. तारीख, काय ठरलं, का ठरलं आणि दुसरा पर्याय कोणता होता, एवढं चार ओळींत लिहा. ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रोजेक्टच्या अंतिम रिपोर्टचं, डिझाइनचं प्रकरण याच वहीतून उभं राहतं.

एक बटण नीट करणं

इथे जरा थांबते, कारण खरं इंजिनीअरिंग मला इथे दिसलं.

आमचा धावणारा सेकंदाला 6 मीटर जातो. 60 फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमला 10 सेंटीमीटर. बसलेल्या खेळाडूला स्पर्श होईल असा टप्पा 30 सेंटीमीटरचा धरला, तर खो देण्यासाठी तीनच फ्रेम मिळतात, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. कागदावर हे अगदी नियमाप्रमाणे आहे. हातात घेतल्यावर मात्र वाटतं, बटण चालतच नाही. खेळणारा बरोबर वेळी दाबतोय असं त्याला मनापासून वाटत असतं.

यावर उपाय असा. बटण दाबल्याची आठवण 0.15 सेकंद, म्हणजे नऊ फ्रेम, ठेवायची. त्या वेळात धावणारा टप्प्यात आला की खो द्यायचा. टप्प्यातून नुकताच बाहेर पडल्यावर बटण दाबलं तरी थोडी सूट द्यायची. पण किती? आमच्या मैदानात दोन चौकोनांमधलं अंतर साधारण अडीच मीटर, ते पार करायला 0.4 सेकंद लागतात. पुढची आणि मागची सूट मिळून याच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर एकाला दिलेला खो शेजाऱ्याच्या खात्यात जाईल. 0.15 आणि 0.1 मिळून 0.25 होतात, म्हणजे मध्ये जागा उरते. हे आकडे अंदाजाने नाही, गणिताने आले. रिव्ह्यूमध्ये ‘गेममध्ये इंजिनीअरिंग काय?’ असं कोणी विचारलं तर हे पान उघडून दाखवा.

हे सगळं गोडोच्या फिजिक्सच्या फंक्शनमध्ये लिहा. ते ठरावीक गतीने, मुळात सेकंदाला 60 वेळा, चालतं. चित्राच्या फंक्शनमध्ये लिहायचं असेल तर दोन फ्रेममधल्या वेळेने गुणायला हवं, नाहीतर 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणाऱ्या, स्क्रीनवर धावणारा भलताच वेगात सुटतो.

परक्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

हे सगळ्यात अवघड आहे. समोरचा चुकीचं बटण दाबतो आणि आपल्या तोंडावर ‘अगं, स्पेसबार!’ येतं. बोलायचं नाही. त्याने काय केलं, कुठे अडला, कशावर हसला ते लिहायचं. ‘छान आहे’ हा अभिप्राय वहीत घेऊ नका, त्याने काहीच बदलत नाही.

आम्ही दोन प्रकारची माणसं बसवली: खो-खो कधी न खेळलेली, आणि कॉलेजच्या खो-खो टीममधल्या मुली. न खेळलेले लोक आपल्याकडे तोंड करून बसलेल्यांनाही खो द्यायला बघत. तेव्हा चिंचोके आठवले. आम्ही प्रत्येक खेळाडूच्या जर्सीवर पाठीमागे मोठा नंबर टाकला. नंबर दिसतोय म्हणजे पाठ आपल्याकडे आहे, म्हणजे खो देता येतो. ना बाण, ना सूचनांचा पडदा. त्यानंतर अनोळखी माणसंही पहिल्या मिनिटात खो देऊ लागली आणि आमची पहिली रिक्वायरमेंट पूर्ण झाली.

खो-खो टीममधल्या मुलींनी वेगळंच दाखवलं. खांबाशी आल्यावर गेममधला खेळाडू थांबून वळायचा. त्या म्हणाल्या, असं कोणी वळत नाही. हाताने खांब धरून त्याच वेगात गोल फिरतात. त्या आम्हाला ग्राउंडवर घेऊन गेल्या आणि करून दाखवलं. आम्ही खांबाभोवती अर्धवर्तुळाचा मार्ग आखला, वेग कायम ठेवला, आणि गेम एकदम खो-खोसारखा वाटायला लागला. त्यांचीच दुसरी सूचना: पळणारी कधी साखळीने बसलेल्यांमधून वेटोळी घेत पळते, कधी एका टोकाला गोल धरते, आणि दमली की चुकते. या तीन अवस्था आणि एकीतून दुसरीत कधी जायचं याचे बाण कागदावर काढले, तोच आमचा एआय. त्यापेक्षा भारी काही लागत नाही.

व्हायवाच्या आधी

दुसऱ्यांची चित्रं किंवा आवाज वापरले असतील तर परवाना बघा. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे खुले परवाने. सीसी-झीरो असेल तर मोकळीक असते, सीसी-बाय असेल तर नाव देणं बंधनकारक आहे. यादी गेमच्या आतच दाखवा. केनी या गेमच्या चित्रांच्या संकेतस्थळावरची चित्रं सीसी-झीरो आहेत, सुरुवातीच्या ठोकळ्यांच्या जागी ती छान चालतात.

एक्सपोर्ट केलेला गेम ज्या मशीनवर डेमो आहे त्याच मशीनवर आदल्या दिवशी, इंटरनेट बंद करून चालवा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक टीममधल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ठेवा, आणि खेळतानाचा एक व्हिडिओ फोनमध्ये. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले की आधी स्लाइड उघडू नका. कीबोर्ड त्यांच्याकडे द्या, एक डाव खेळू द्या. प्रश्न त्यांच्या खेळण्यातूनच निघतात, आणि त्यांची उत्तरं चौघांपैकी कोणालाही देता आली पाहिजेत.