दक्षिण कोरियातल्या बुसानचा प्लॅन करताय? आधी शहराचे तीन तुकडे करा

विमान, बॅगा, इन्शुरन्स यावर मी लिहीत बसत नाही, ते तुम्हाला जमतंच. फक्त एक सांगते, "के-ईटीए काढा आणि जा" हा सल्ला (के-ईटीए म्हणजे कोरियाची ऑनलाइन प्रवास-परवानगी) भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी नाही. आपल्याला रीतसर व्हिसाच लागतो, आणि जेजू बेटाची व्हिसा-सूट बुसानला चालत नाही.

कधी जायचं? ऑक्टोबर, नाहीतर मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात, तेव्हा चेरी फुललेली असते. जूनअखेरीपासून पाऊस आणि ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांची धास्ती. चुसॉक आणि सॉल्लाल या दोन सणांच्या तारखा आधी बघून घ्या, कारण तेव्हा अख्खा देश गावी निघतो, गणपतीला कोकणच्या गाड्यांचं होतं ना तसंच. सोलहून केटीएक्सने, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने, अडीच-पावणेतीन तास लागतात, तिकिटं महिनाभर आधी खुली होतात, तेव्हाच काढून टाका.

आता खरं काम. रोज कुठे जायचं हे ठरवणं. इथेच सगळ्यांचं चुकतं, माझंही पहिल्या वेळी चुकलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुसान नकाशावर एक शहर दिसतं पण आहे डोंगर, खाडी आणि समुद्र यांच्या फटींत लांबच लांब पसरलेलं. १९५० ते ५३ च्या कोरियन युद्धात ही देशाची तात्पुरती राजधानी होती, लाखो निर्वासित आले, सपाट जागा पुरेना म्हणून लोकांनी डोंगरउतारांवर घरं बांधली. ती वस्ती आजही तशीच उतारावर आहे आणि मेट्रो काही तिथपर्यंत चढत नाही. म्हणजे नकाशावर बोटभर दिसणारं अंतर प्रत्यक्षात मेट्रो, मग छोटी बस, मग पायऱ्या असं असतं.

मी काय केलं होतं, सकाळी हेदोंग योंगगुंगसा, समुद्राच्या खडकांवरचं देऊळ, आणि दुपारी गाम्चॉनची रंगीत घरांची वस्ती. यादीत एकाखाली एक लिहिलेलं छान दिसत होतं. देवळाच्या १०८ पायऱ्या चढून वर आले, बसची वाट बघितली, हेउन्दे या किनाऱ्यावरच्या भागात आले, मेट्रो, सोम्योनला गाडी बदलली, थोसॉंग स्टेशन, तिथून वर जाणारी छोटी बस. दोन तास त्यातच गेले. वर पोचले तर दुकानं आवरायला लागलेली आणि गल्ल्यांत अंधार. आईला घेऊन गेले होते, तिचे गुडघे त्या उतरणीवर इतके दुखले की दुसरा दिवस हॉटेलातच गेला. म्हणून "एका दिवसात बुसानची टॉप १० ठिकाणं" असल्या याद्या बघितल्या की मला खरंच राग येतो, त्या लिहिणाऱ्याने दोन ठिकाणांमधला प्रवास कधी केलेलाच नसतो.

तर कागद घ्या आणि तीन तुकडे करा. पूर्व: हेउन्दे, दोंगबेक बेट, जुन्या रेल्वेमार्गावरची बीच ट्रेन आणि स्काय कॅप्सूल (उंच रुळांवरून जाणारे छोटे डबे), सोंगजॉंग, योंगगुंगसा. मध्य: ग्वांगाल्लीचा किनारा आणि सोम्योन. जुनं शहर: बुसान स्टेशन, नाम्फोदोंग, जागालचीचा मासळीबाजार, गुकजे बाजार, गाम्चॉन, सोंगदोची केबल कार, थेजोंगदेचे समुद्रकडे. एका दिवशी एकच तुकडा. संध्याकाळी मध्यभागात यायला हरकत नाही पण पूर्व आणि जुनं शहर एका दिवसात कधीच नाही, कोणी कितीही सांगू दे. तीन पूर्ण दिवस हवेतच. दोनच असतील तर एक तुकडा सरळ सोडून द्या, धावत बघण्यापेक्षा ते बरं.

राहायचं कुठे हे याच्यानंतर ठरवा, आधी नाही. समुद्र बघत बसायचंय तर हेउन्दे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सोम्योनच सांगते, तिथे मेट्रोच्या १ आणि २ नंबरच्या लाइन भेटतात, दोन्हीकडे जाणं सोपं. आणि बुकिंग करताना स्टेशनपासून हॉटेल चढावर आहे का ते फोटोत नीट बघा.

रस्ता शोधायला नेव्हर मॅप (Naver) हे कोरियन अ‍ॅप घ्या, गूगलच्या भरवशावर मी तिथे दोनदा भलत्याच गल्लीत उभी राहिले आहे. ठिकाणांची नावं कोरियन लिपीत फोनमध्ये आधीच कॉपी करून ठेवा. सोंगदो शोधताना खास सांभाळा, इंचॉनमध्येही सोंगदो आहे आणि बुसानमध्ये सोंगजॉंग वेगळंच.

बाकीचं पटकन. टी-मनी हे बस-मेट्रोचं कार्ड घ्या, ते भरायला रोख वॉन जवळ ठेवा, बसमधून उतरतानाही कार्ड टेकवा म्हणजे अर्ध्या तासात गाडी बदलली तर पुन्हा पूर्ण भाडं लागत नाही. स्काय कॅप्सूल आधी बुक करा. ग्वांगाल्लीला शनिवारी रात्र ठेवा, पुलासमोर ड्रोन शो असतो. गाम्चॉनला सकाळी जा आणि हळू बोला, तिथे लोक राहतात.

शाकाहारी असाल तर साध्या किमचीतही बहुतेक वेळा मासळीचा अंश असतो, तेव्हा दोन वेळचं सुकं खाणं बरोबर ठेवाच. मासे खाणाऱ्यांनी जागालचीला उपाशी पोटी जायचं. खाली पाट्यांवर मासे मांडून रबरी बूट घातलेल्या बायका बसलेल्या असतात, मासा निवडायचा, वरच्या मजल्यावर शिजवून देतात, त्याचे पैसे वेगळे, ते आधी विचारून घ्या. गोदुंगो मागा, आपल्या बांगड्याचा भाऊबंदच तो, मिठात भाजलेला, कातडी तडतडून फुटलेली. माझ्या आईने हॉटेलातल्या त्या दिवसानंतर पहिला घास तोच खाल्ला आणि म्हणाली, कोकम असतं तर घरचाच वाटला असता.