सांगलीत प्लॉट घेताय? आधी पूररेषा बघा

2019 च्या ऑगस्टात आमच्या गावभागातल्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोका पातळी 45. तेव्हापासून कुणी प्लॉट बघायला निघालं की मी आधी पूररेषेचं विचारते.

पूररेषा म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती हद्द; ती जलसंपदा विभाग आखतो. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. बांधकाम परवानगी मात्र महापालिकेची. म्हणून नगररचना विभागात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तेवढा भाग) मागा. एजंटाच्या तोंडी 'इथं पाणी येत नाही'वर जाऊ नका. आम्हालाही तेच सांगितलं होतं.

नदी ते निळी रेषा या पट्ट्यात घर बांधता येत नाही. बाग, मैदान, पार्किंग चालतं. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचावर. जोत्याचा हा खर्च प्लॉटच्या भावात धरूनच सौदा करा.

आता पैशाचं. परवानगी घेताना तुम्ही भरलेलं विकास शुल्क महापालिकेकडेच जमा होतं. नालेसफाई आणि ओतातली, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या सखल भागातली, अतिक्रमणं काढण्यावर किती खर्च झाला, ते अंदाजपत्रकात बघा. आकडा सापडला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये लागतात. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. पोच जपून ठेवा.