समोर कोणी बसलेले नसताना: अनेक संगणकांवर ऑफिस बसवण्याचे काम

फोर्टमधल्या सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी लागो किंवा अंधेरीच्या एमआयडीसीतल्या कंपनीत, पन्नास-साठ संगणकांवर एकदम मायक्रोसॉफ्ट ऑफिस बसवण्याचे काम संगणक-विभागात नव्याने आलेल्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचे पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, त्यामुळे जुनी आवृत्ती काढून नवी बसवण्याची गरज अनेक ठिकाणी अजूनही आहे. नेमकी कमांड पाठ झाली की काम जमले, असे सुरुवातीला वाटते. माझा अनुभव असा आहे की कमांड हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. एरवी संगणकासमोर बसलेला माणूस इन्स्टॉलेशन चालू असताना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे देत जातो. नेटवर्कवरून काम होते तेव्हा समोर कोणीच नसते, म्हणून ती सगळी उत्तरे आधी विचार करून लिहून ठेवावी लागतात.

ही उत्तरे लिहिण्याची जागा म्हणजे ऑफिस डिप्लॉयमेंट टूलची एक्सएमएल फाइल, म्हणजे सूचनांची साधी मजकूर-फाइल. हे टूल मायक्रोसॉफ्ट विनामूल्य देते. त्यातील सेटअप प्रोग्राम ‘डाउनलोड’ या पर्यायाने चालवला की फाइली सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये उतरतात, आणि ‘कॉन्फिगर’ या पर्यायाने संगणकावर चालवला की तिथे ऑफिस बसते. फाइलींचा पत्ता एक्सएमएलमध्ये द्यायला विसरलात आणि सेटअपच्या फोल्डरमध्येही त्या नसल्या तर प्रत्येक संगणक इंटरनेटवरून स्वतंत्रपणे डाउनलोड करू लागतो आणि कार्यालयाची लाइन दिवसभर तुंबते. ३२ बिट की ६४ बिट, हा निर्णय लेखा विभागाला विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण विंडोजची फंक्शने थेट बोलावणारे जुने एक्सेल मॅक्रो ६४ बिटमध्ये दुरुस्तीशिवाय चालत नाहीत. जुनी एमएसआय आवृत्ती (विंडोज इन्स्टॉलरच्या पॅकेजने बसवलेली) काढण्याची सूचना फाइलीत लिहिताना त्याच पद्धतीने बसवलेले व्हिजिओ आणि प्रोजेक्टही तिच्याबरोबर जातात, हे ध्यानात ठेवा. ती ठेवायची असतील तर तसा अपवाद लिहावा लागतो.

घोडे पेंड खाते ते मात्र याच्या पुढच्या टप्प्यावर. सेटअपची कमांड लिहिलेली स्क्रिप्ट स्वतःच्या लॉगिनने व्यवस्थित चालते, म्हणून ती ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे डोमेनमधल्या (एका सर्व्हरच्या ताब्यातल्या) सगळ्या संगणकांना एकाच ठिकाणाहून नियम लावण्याच्या सोयीत, स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणून लावली जाते, आणि दुसऱ्या दिवशी एकाही संगणकावर ऑफिस दिसत नाही. स्टार्टअप स्क्रिप्ट कोणी लॉगिन करण्याआधी, विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम या खात्याने चालते. हे खाते नेटवर्कवर तुमच्या नावाने जात नाही, त्या संगणकाच्या स्वतःच्या डोमेन खात्याने जाते. शेअरवर, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरवर, केवळ कर्मचाऱ्यांच्या गटाला परवानगी असेल तर संगणकाला दार बंदच मिळते; तिथे डोमेन कॉम्प्युटर्स या गटाला वाचण्याची परवानगी हवी, आणि ती शेअर व फोल्डर अशा दोन्ही पातळ्यांवर हवी. झेड ड्राइव्हसारखे अक्षरही चालत नाही, कारण ते तुमच्या लॉगिनपुरते जोडलेले असते. सर्व्हरच्या नावापासून पूर्ण पत्ता लिहावा लागतो.

याची खात्री करून घेण्याचा मार्ग प्रत्येक नवख्याने हाताने करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील पीएसएक्झेक वापरून चाचणीच्या संगणकावर सिस्टिम खात्याची कमांड विंडो उघडा, ‘हू ॲम आय’ ही कमांड देऊन आपण खरोखर त्याच खात्यात आहोत हे पाहा, आणि मग शेअरमधील फाइलींची यादी मागा. यादी आली तर वाट मोकळी आहे. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ आले तर पुढचा सगळा गोंधळ आताच टळला. मुलाखत घेताना मी उमेदवाराला हमखास विचारतो की स्क्रिप्ट तुमच्या हाताने चालते आणि स्टार्टअपला चालत नाही, तर तुम्ही आधी काय तपासाल. या एका उत्तरावरून त्याने काम स्वतः केले आहे की नुसते वाचले आहे, हे कळते.

स्टार्टअप स्क्रिप्टची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत. ग्रुप पॉलिसी स्क्रिप्टसाठी मुळात ६०० सेकंद थांबते, आणि मंद डिस्कच्या संगणकावर ऑफिस बसायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून ही मर्यादा आधीच वाढवून ठेवावी. दुसरे असे की विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करून पुन्हा सुरू केलेल्या संगणकावर ही स्क्रिप्ट चालेलच असे नाही. त्यासाठी रीस्टार्टच करावा लागतो. कर्मचाऱ्यांना तसे स्पष्ट शब्दांत कळवा.

नेटवर्कचा हिशेब कागदावर मांडा. फाइली ३ जीबीच्या धरल्या तर ६० संगणकांना मिळून १८० जीबी द्यावे लागतात, आणि सर्व्हरचा १ जीबीपीएसचा (सेकंदाला १ गिगाबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट) दुवा पूर्ण क्षमतेने चालला तरी त्याला २४ मिनिटे लागतात; प्रत्यक्षात बरीच जास्त. म्हणून संगणकांचे गट पाडावेत. ठाण्याच्या शाखेत २० एमबीपीएसची लाइन आणि १५ संगणक असतील तर तोच मजकूर प्रत्येकाला वेगळा पाठवण्यात पाच तास जातील, म्हणून रात्री रोबोकॉपी या विंडोजच्या फाइल-कॉपी कमांडने तो शाखेतल्या एकाच संगणकावर नेऊन बाकीच्यांना तिथून द्यावा. रोबोकॉपीला पुन्हा सुरू होण्याचा पर्याय दिला की पावसाळ्यात लाइन मध्येच तुटली तरी मोठी फाइल पहिल्यापासून पाठवावी लागत नाही. लेखापालांच्या कार्यालयात मार्चअखेर आणि जीएसटी विवरणपत्राची २० तारीख जवळ असताना हे काम काढू नये. त्या लोकांचा एक दिवस बुडणे परवडण्यासारखे नसते.

बहुतेक संगणकांवर काम झाल्यावर खरा वेळ जातो तो उरलेल्यांवर. ‘झाले’ म्हणून न सांगता कोणत्या संगणकावर का झाले नाही, याची यादी ज्याच्याकडे असते त्याच्यावर वरिष्ठ विश्वास टाकतात. सिस्टिम खात्याने चाललेल्या इन्स्टॉलेशनचा लॉग विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये, संगणकाचे नाव आणि तारीख असलेल्या फाइलीत सापडतो. लिबरऑफिससारखे एमएसआय पॅकेज असेल तर परतीचा आकडा बोलका असतो: ० म्हणजे यश, ३०१० म्हणजे यश पण रीस्टार्ट बाकी, १६१८ म्हणजे दुसरे इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, आणि १६०३ आला की लॉग उघडून बसण्याला पर्याय नाही. केएमएस पद्धतीने, म्हणजे कार्यालयातल्याच सर्व्हरकडून परवाना घेऊन सक्रिय होणारे ऑफिस असेल तर किमान ५ संगणकांनी संपर्क साधल्याशिवाय सर्व्हर कोणालाच सक्रिय करत नाही आणि हा संपर्क १६८८ या पोर्टवरून होतो, हेही पडताळून पाहावे.

सराव नोकरीवर जाण्याआधी घरीच करता येतो. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस मोफत मिळते. १६ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) एक सर्व्हर आणि दोन विंडोज संगणक उभे करा, त्यांचे डोमेन बनवा, लिबरऑफिस स्टार्टअपला बसवा आणि मग शेअरवरची डोमेन कॉम्प्युटर्सची परवानगी मुद्दाम काढून टाकून संगणक काय नोंदवतो ते विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये वाचा.